चष्मा होडीत राहिला

जूनमध्ये शाळा सुटली तेव्हा पिनहॉर्नबाईंनी
हेडलीच्या दप्तरात एक कागद घातला :
रोज वीस मिनिटं वाचून घ्या. प्रश्न विचारा. इथे सही करा.
खाली पेनाने, बाईंच्या हातचं :
वाचतो घडाघडा, पण काय वाचलं ते सांगता येत नाही.

कागद मी फ्रिजवर लावला, खेकड्याच्या चुंबकाखाली.
माझी पाळी मासळीच्या कारखान्यात, पहाटे चारची;
आठ वाजता, बाहेर लख्ख उजेड असताना, मी आडवी होते.
म्हणजे वाचन अँब्रोजकडे.
मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने जाळ्याकडे.
अकरा वर्षं विजेचं बिल मी वाचते आणि तो ऐकतो.
याहून जास्त आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही.

आमच्या घरात भिंती फळ्यांच्या. सगळं ऐकू येतं.

पहिले काही दिवस नुसती शर्यत.
अंड्याच्या आकाराचा टायमर टिकटिकायचा
आणि हेडली ओळींवरून धावायचा,
ओल्या धक्क्यावरून धावतो तसा, खाली न बघता.
घंटा झाली की शब्द अर्धा टाकून उभा.
"सही."
नांगरासारखी दिसते अँब्रोजची सही.
तेवढी मी त्याला लग्नाआधी शिकवली होती.

मग जुलैत धुकं आलं ते नऊ दिवस हललं नाही.
होड्या बांधलेल्या. समोरचं चर्च गायब.
गोष्टीतही नेमकं धुकं :
एक पोरगा एकटाच वल्ही मारत गेलेला
आणि त्याचा आजोबा रात्रभर किनाऱ्यावर बसून
बादली बडवतोय.

"शहाणा म्हातारा," अँब्रोज म्हणाला.
"शहाणा? बादली बडवतोय वेड्यासारखी!"
"का बडवतोय?"
"पुस्तकात नाही दिलं."
"असेल. मागे जा. वारा कुठला होता?"
पानं उलटली. पुन्हा उलटली.
"वारा नव्हता. दिवाही दिसत नव्हता.
दिसत नाही, म्हणून…"
"म्हणून?"
"म्हणून ऐकू यावं."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अँब्रोजने विचारलं, "वाचला का?"
"वाचलं की. पान सत्तेचाळीस."
"पुस्तक नाही रे. पोरगा."

घंटा वाजली. ती बंद करायला कुणी उठलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे भलतेच प्रश्न सुरू झाले.
या सगळ्यात त्या पोराची आई कुठे आहे?
(उशीत तोंड खुपसून मी हसले.)
दोनशे पानांत एकानेही चहा कसा घेतला नाही?
खोटं बोलतोय तो होडीवाला, हे तुला कधी कळलं?
कुठल्या ओळीला? दाखव.
दाखव म्हटल्यावर अँब्रोज काय बघायचा, देव जाणे.

ऑगस्टात, दलदलीत पिवळी बोरं पिकली त्या आठवड्यात,
हेडलीचा घसा बसला.
"आज तू वाच, बाबा."

मी डोळे उघडले.
पुस्तक या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज.
किटली. टायमर. किटली.
पान काही उलटलं नाही.
"चष्मा होडीत राहिला," अँब्रोज म्हणाला.

आमच्या घरात चष्मा कुणालाच नाही.

हेडली काय बघत असेल तेव्हा? बापाचा अंगठा?
पानाच्या कडेला रुतलेला, पांढरा पडलेला?
मी श्वास धरून होते, ते पोर आता काय विचारेल म्हणून.
"दे इकडे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.
"मी हळू वाचतो."

कागदावर शेवटी एक रकाना आहे :
मुलाला न लिहिलेलंही समजतं का? हो. नाही. कधीकधी.
मी अजून खूण केलेली नाही.

काल खिडकीतून दोघं दिसले, मासे कापायच्या टेबलाशी.
हेडली मिठाच्या पोत्यावर बोट ठेवून
स्वतःशीच वाचत होता, पण मोठ्याने,
बोट अक्षरागणिक सरकवत :
जाडं मीठ. पंचवीस किलो.
कोरड्या जागी ठेवा.
अँब्रोजने सुरी खाली ठेवली होती.